मिरचीच्या गोदामातली तोफ

मिरचीचं गोदाम ही माणूस पारखायची जागा आहे, असं नंदुरबारच्या पारसमल शेठजींचं ठाम मत होतं. आत आलेला माणूस खोकला नाही, तर तो आपला. खोकला, तर तो पाहुणा. पाहुण्याला चहा द्यायचा, पण बाहेरच्या ओट्यावर. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून इथं आले तेव्हापासून घराण्यात कोणाला ठसका लागल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि लागला असेलच तर तो दाबून टाकण्याइतका कुळाचा अभिमान प्रत्येकाला होता.

चारुलता पाटील पहिल्याच दिवशी खोकली. नुसती खोकली असती तर निभावलं असतं. तिच्या डोळ्यांना आणि नाकाला धारा लागल्या, आणि ओढणी तोंडाशी धरून ती दारातच उकिडवी बसली. ती तापीकाठच्या प्रकाशा गावची. घरच्या वावरात मिरची होती, पण वावरातली मिरची झाडावर असते आणि गोदामातली हवेत असते, हा फरक तिला त्या दिवशी कळला.

"पाव्हनी शे ही," शेठजी गादीवरून म्हणाले. "हिले बाहेर वट्टावर बसाडा. चहा सांगा."

चारुलताला ते झोंबलं. मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. या मुलीच्या नाकावर माशी बसत नसे, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. आणि त्याच नाकानं आज चारचौघांत दगा दिला होता.

ती गोदामात आली होती ती मिरचीसाठी नाही. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या तिघांनी मिळून नाशिकच्या रोबोट स्पर्धेत नाव घातलं होतं. कप्तान अंकित, म्हणजे शेठजींचा नातू. रोबोटचा सांगाडा आणि चाकं त्याच्याकडे. वायरिंग आणि रोबोट चालवणं काजलकडे. आणि खरी मेख होती ती चारुलताकडे. रोबोटनं जमिनीवरचे चेंडू उचलायचे आणि रेषेच्या अलीकडून उंच खांबावरच्या टोपलीत मारायचे होते. ते चेंडू मारायचं यंत्र चारुलता करणार होती. कॉलेजच्या खोलीत पहिलाच चेंडू पंख्याला लागला आणि पंखा वाकडा झाला. मग अंकितनं आजोबांचं गोदाम मागितलं. हंगाम संपलेला, गोदाम रिकामं, वर उंच पत्रे. रिकामं म्हणजे पोती नव्हती एवढंच. भिंती, खांब, फरशी, दिव्याची बटणं, सगळ्यावर वर्षानुवर्षांची मिरचीची बारीक पूड बसलेली होती.

गोदामाच्या कोपऱ्यात आणखी एक वस्तू होती: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक खोका. अंकितनं चेंडू फेकायचं तयार यंत्र मागवून ठेवलं होतं.

"हाई काबरं?" चारुलतानं विचारलं.

"तुन्हं चालनं तर तुन्हं," अंकित म्हणाला. "नही चालनं, तर हाई. ठरनं?"

व्यापाऱ्याचं पोर ते. एका दुकानावर सगळा भार टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. चारुलता "ठरनं" म्हणाली खरी, पण तो खोका रोज तिच्याकडे बघत राहिला. आपण काही तरी करतोय आणि कोपऱ्यात आपल्या जागेवर बसायला दुसरं कोणी तयार आहे, यासारखा दुसरा जाच नाही.

प्रकाशाला तिच्या वडिलांनी, हेमराज पाटलांनी, तोवर घाटावर येणाऱ्या-जाणाऱ्याला लेकीचं कौतुक सांगून टाकलं होतं, "मन्ही आंडेर तोप बनाडी ऱ्हायनी."

"आबा, तोफ नही ती," तिनं फोनवर समजावलं. "चेंडू फेकानं मशीन शे."

"फेकस ना? मंग तोपच शे ती. मी देखाले येसू."

"ये म्हणसू तवय या," चारुलता म्हणाली. तोफ म्हणून गावभर झालं होतं. आता ती फुसकी निघून चालणार नव्हतं.

यंत्राची कल्पना सरळ होती. आडवी ठेवलेली दोन रबरी चाकं समोरासमोर, उलट्या दिशांना गरागरा फिरणारी. मधली फट चेंडूपेक्षा थोडी अरुंद. चेंडू फटीत ढकलला की चाकं त्याला दोन्ही गालांना धरतात, दाबतात आणि पुढे भिरकावतात. टोपली किती उंच, किती लांब हे ठरलेलं. म्हणजे चेंडूचा वेग ठरलेला. म्हणजे चाकांचा वेग ठरलेला. चारुलतानं हिशोब केला, तपासला, पुन्हा तपासला. मग ॲल्युमिनियमच्या पट्टीला नेमक्या जागी भोकं पाडून चाकं बसवली आणि अंकित-काजलला समोर उभं करून ऐटीत बटण दाबलं.

चेंडू खांबाच्या पायथ्याशी जाऊन पडला. टोपली राहिली वर.

"तुन्हा हिशोब कागदवरच बरा शे, चारू," अंकित म्हणाला. त्यानं ते हसत म्हटलं होतं, वाईट हेतूनं नाही. पण कोपऱ्यात खोका होता.

चारुलतानं हिशोब तिसऱ्यांदा तपासला. चूक सापडेना. चेंडू चाकांत घसरतोय एवढं डोळ्यांनी दिसत होतं, पण का घसरतोय ते कळत नव्हतं. शेवटी तिनं हिशोब बाजूला सारला आणि यंत्राच्या मागे लागली. पट्टीला नवी भोकं पाडून फट आवळली. चेंडू खांबाच्या कमरेपर्यंत गेला. चाकांचा वेग वाढवला, खांद्यापर्यंत गेला. आणखी भोकं, आणखी अरुंद फट, आणखी वेग. मग लागोपाठ चेंडू मारले की शेवटचा मलूल पडू लागला, कारण प्रत्येक चेंडू चाकाचा थोडा थोडा जोर खाऊन जायचा. त्यावर तिनं चाकांना लोखंडी जड चकत्या बसवल्या. जातं एकदा फिरायला लागलं की मूठभर दाण्यांनी अडत नाही, तसं चाकं अडेनाशी झाली. आणि एका दुपारी चेंडू टोपलीत पडले. एक नाही, एकामागून एक, सगळे.

काजल नाचली. अंकितनं खोक्यावर पोतं टाकून तो झाकला. चारुलतानं काहीच केलं नाही; हात मागे बांधून उभी राहिली आणि जगातली एकुलती एक तोफ आपलीच असल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली.

पहिल्या हिशोबाचा काटा मनात होता. इतका कसा चुकला? पण चालत्या गाडीला खीळ कोण घालतो? पट्टीवरची पहिली दोन भोकं तशीच रिकामी राहिली.

त्याच दुपारी शेठजी चेंडू बघायला उठून आले. रोबोटच्या चाकांनी पूड उडत होती, छताचा पंखा ती खाली लोटत होता आणि चारुलता त्या लाल धुरळ्यात उभी राहून बोलत होती. एकदाही न खोकता. शेठजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आते तू आमनी व्हयनी," ते म्हणाले.

यंत्र चालल्याचा जेवढा तिला अभिमान वाटला, तेवढाच या शब्दांचा वाटला. थोडा जास्तच म्हणा ना. घरी फोन करून तिनं आधी हेच सांगितलं आणि मग म्हणाली, "आबा, आते या नाशिकले."

नाशिकला रोबोट शेठजींच्या टेम्पोतून गेला. स्पर्धेचा हॉल मोठा, दिव्यांनी लखलखलेला, फरशी अशी की आपला चेहरा दिसावा. प्रत्येक संघाला एक टेबल. तिघांनी पेटी उघडली, वरचं गोणपाट झटकलं, आणि पुढल्या क्षणी शेजारच्या टेबलावरची चार मुलं एकदम शिंकू लागली. पलीकडचा संघ खोकायला लागला. एक स्वयंसेवक नाकावर रुमाल धरून धावत आला.

"काय आणलंय तुम्ही पेटीत?"

"रोबोट," काजल म्हणाली. "नंदुरबारहून आलोय आम्ही."

तिघांना हसू आवरेना. शहरातली माणसं किती नाजूक! आपल्याला तर काही जाणवतही नाही, असं म्हणत त्यांनी छाती काढून रोबोट मैदानावर नेला. वरच्या गॅलरीत हेमराज पाटील पांढरी टोपी नीट करून पुढच्या रांगेत बसले होते.

सरावाची पाळी प्रत्येक संघाला एकदाच होती. चेंडू स्पर्धेचे; गोदामात होते तसेच नारिंगी, फक्त कोरे. काजलनं रोबोट रेषेशी नेला. चारुलतानं मान डोलावली. काजलनं बटण दाबलं.

चेंडू टोपलीवरून गेला. मागच्या जाळीवरून गेला. थेट गॅलरीत गेला, आणि हेमराज पाटलांनी तो दोन्ही हातांनी झेलला.

"काय लांब गया वं!" त्यांचा आवाज हॉलभर घुमला. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. तोफेनं लांब मारावं यापलीकडे त्यांची अपेक्षा नव्हती. लोक हसले. चारुलताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसरा चेंडू आणखी लांब गेला. वेग कमी केला तर एक टोपलीत पडला आणि त्याच वेगावर पुढचा पुन्हा वरून गेला. काही मेळच लागेना. पाळी संपल्याची शिट्टी वाजली.

तिघं टेबलाशी परत आले. मग अंकितनं पेटीच्या तळातून तो खोका काढला आणि त्याची चिकटपट्टी ओढायला लागला.

"थांब," चारुलता म्हणाली.

"जेवण झाया की मशीन तपासतीन. मंग हात लावता येवाव नही," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कप्तानानं रडून चालत नाही. "ठरेल व्हतं ना आपलं?"

ठरेलच होतं. चारुलताला नाही म्हणायला जागा नव्हती. "चिकटपट्टी काढाले येळ लागस," ती म्हणाली. "तवलोंग बसू दे मले."

ती यंत्रापुढे फरशीवर बसली. काय बिघडलं? बॅटरी तीच, मोटर तीच, चाकं तीच. हाताला चाळा म्हणून तिनं ओढणीच्या टोकानं चाकाची कड पुसली. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी तिला पाणी द्यायला आली होती. तिला जोरात शिंक आली.

"सॉरी," ती नाक चोळत म्हणाली. "पण तुम्ही चाकांना लावलंय तरी काय?"

"काहीच नाही," चारुलता म्हणाली, आणि तिची नजर ओढणीवर गेली. पांढऱ्या ओढणीचं टोक लालभडक झालं होतं.

तिनं चाकाकडे नीट पाहिलं. रबराच्या दोन्ही कडा लालसर होत्या. मधला पट्टा मात्र काळा, लख्ख. जिथं आज कोरे चेंडू घासून गेले होते तेवढाच. तिनं एक चेंडू उचलून लाल कडेवर दाबून ढकलला. सुळकन सरकला. काळ्या पट्ट्यावर दाबला. हलेना.

कॅरमच्या बोर्डावर आपण पावडर कशाला टाकतो? सोंगट्या घसराव्यात म्हणून. आणि गेला महिनाभर त्यांनी चाकांवर, चेंडूंवर, सगळ्यावर मिरचीची पूड टाकून नेम शिकवला होता. घसरणाऱ्या चेंडूसाठी फट आवळली, घसरणाऱ्या चेंडूसाठी वेग वाढवला. इथल्या कोऱ्या चेंडूंनी पूड पुसून नेली, प्रत्येक चेंडूनं थोडी थोडी, आणि प्रत्येक पुढचा चेंडू आणखी लांब गेला. बाहेरचं कोणीही गोदामात आलं असतं तर पहिल्या शिंकेलाच म्हणालं असतं, अरे, इथं केवढी पूड आहे! पण तिथं होते ते सगळे न खोकणारे. ज्याचा तोरा मिरवला, त्यानंच डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली, आणि ती चक्क मोठ्यानं हसली. काजल घाबरली.

"मन्हा हिशोब चुकेल नव्हता," चारुलता म्हणाली. "पहिला हिशोब. तो बरोबर व्हता! त्यामा मिरची नव्हती, एवढंच."

तिनं दोघांना चाक दाखवलं, चेंडू घासून दाखवला. अंकितनंही दोनदा घासून पाहिला.

"म्हंजे महिनाभर करं ते बठ्ठं वाया?"

"बठ्ठं नही. चकत्या कामन्या शेतस. फट आणि वेग चुकना. चाकं साबणवरी धवसूत, बोल्ट पहिला भोकमा घालसूत, वेग पहिलाच."

"आणि चेंडू मारी देखाले पाळी कोठे शे आते?"

तेच तर होतं. सरावाची पाळी संपली होती. एकही चेंडू मारून बघता येणार नव्हता. कागदावर जे बरोबर होतं ते मैदानावर बरोबर ठरेल, याला तिच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता. आणि त्या शब्दानं गोदामात एकदा तोंडघशी पाडलं होतं.

अंकितनं अर्धवट निघालेल्या चिकटपट्टीकडे पाहिलं. पट्टीवरच्या रिकाम्या भोकांकडे पाहिलं. मग चिकटपट्टी अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली आणि खोका पेटीत टाकला.

"तुन्हा हिशोब, तुन्हं नाक," तो म्हणाला. "लाव."

जेवणाची सुट्टी तिघांनी बेसिनशी काढली. चाकं उतरवली, साबणानं घासली. पाणी लाल, मग गुलाबी, मग पांढरं. हात धुवायला आलेली माणसं खोकत परत जात होती. यावेळी तिघांतलं कोणी हसलं नाही. चाकं कोरडी करून चारुलतानं बोल्ट पहिल्या भोकांत घातले. महिनाभर रिकामी राहिलेली ती भोकं. बोल्ट आत सरळ गेला, जराही अडला नाही. काजलनं विचारलं, वेग किती ठेवू? चारुलतानं कुठं न बघता आकडा सांगितला. ज्या आकड्यापायी माणसाची मान खाली जाते तो आकडा विसरत नाही.

सामन्याला उभं राहताना तिनं एकदा गॅलरीकडे पाहिलं. तोरा वगैरे सगळं ठीक. पण आबा वर बसले होते.

पहिला चेंडू सुटला. आवाजच निराळा होता. गोदामातला फरफर नाही, एक घट्ट ठप्प. चेंडू उंच गेला, टोपलीच्या कडेवर आदळला, कडेभोवती अर्धा फिरला आणि आत पडला. काजलच्या तोंडून किंकाळी निघाली. दुसरा कडेलाही लागला नाही. तिसराही नाही. लोखंडी चकत्या मंद घुमत होत्या, चाकांचा वेग जागचा हलत नव्हता, आणि चेंडू जणू एकाच वाटेनं, एकामागून एक, घरी जात होते. मघाशी हसलेली गॅलरी आता प्रत्येक चेंडूला ओरडत होती.

शेवटचा चेंडू उरला. काजलनं बटणावर बोट ठेवून चारुलताकडे पाहिलं. चारुलतानं मान डोलावली, आणि टोपलीकडे पाठ केली.

तिला बघायची गरज नव्हती. हिशोब तिचा होता. ती वर गॅलरीकडे बघत उभी राहिली. मागे ठप्प वाजलं. आबांची नजर चेंडूबरोबर वर चढली, वर थांबली, खाली आली, आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते बघण्यासाठीच तर तिनं पाठ फिरवली होती.

"पडना!" टोपलीत पडलेल्या चेंडूकडे हात करत ते ओरडले. टोपी हातात, केस विस्कटलेले. "पडना वं, पडना!"

सामना झाल्यावर ते खाली आले. सकाळी झेललेला चेंडू त्यांनी अजून खिशात जपून ठेवला होता. एक परीक्षक यंत्राशी वाकून बघत होते.

"सराव एवढा फसल्यावर, एकही चेंडू न मारता वेग कसा ठरवलात?" त्यांनी विचारलं.

"हिशोबानं," चारुलता म्हणाली.

"कोणाचा हिशोब?"

तिच्या आधी हेमराज पाटील बोलले. घरीदारी कधी शाळेतली मराठी न बोलणारा माणूस. पण परक्याला एक शब्दही कळायचा राहू नये म्हणून त्यांनी जुळवून जुळवून वाक्य केलं. "साहेब, हिशोब माझ्या मुलीचा आहे. ती माझी मुलगी आहे." मग तिच्याकडे वळून, काळजीनं, "सकायले तोप भलती लांब फेकी ऱ्हायनी व्हती. आते दम कमी व्हई गया का?"

"दम नही, आबा," ती म्हणाली. "आते नेम लागी गया."

उत्तम यंत्राचं बक्षीस त्यांना मिळालं. एकूणात ते तिसरे आले, कारण अंकितचा सांगाडा एका वळणावर अडकला. त्याबद्दल चारुलतानं त्याला अवाक्षर ऐकवलं नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना माहीत आहे की हे बक्षिसापेक्षा मोठं काम होतं.

नंदुरबारला टेम्पो गोदामाशी लागला. न उघडलेला खोका परत करायचा म्हणून शेठजी खुशीत होते. चारुलता ट्रॉफी घेऊन आत शिरली आणि तिला ठसका लागला. नाशिकच्या स्वच्छ हवेनं सवय मोडली होती. डोळ्यांना धारा, नाकाला धारा. यावेळी तिनं तोंड लपवलं नाही, ओढणी धरली नाही. गोदामाच्या मधोमध उभी राहून मनसोक्त खोकली.

शेठजी चष्म्यावरून बघत राहिले.

"पाव्हनी तर पाव्हनी, शेठजी," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आमनामा एक तरी खोकता तर महिनाभर चुकतूत नही."

नातवानं सगळी हकीकत फोनवर आधीच सांगितली होती. शेठजींनी ट्रॉफी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, तिच्यावरची पूड बाहीनं पुसली आणि आपल्या शेजारी गादीवर ठेवली. मग गादीवर थोडे सरकले.

"बठ," ते म्हणाले, आणि दाराकडे बघून हाक मारली, "चहा लई या रे. वट्टावर नही, आठे."